शिक्षा आधी, सुनावणी नंतर!

निवडणूक लागली की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पोलीस ठाण्यांतल्या जुन्या फायली जाग्या होतात आणि तडीपारीच्या नोटिसा सुटतात. गुंडाची गय करा, असे आम्ही म्हणणार नाही. पण गुंड कोण, हे ठरवायचे कोणी? न्यायालयाने, की उपायुक्तांच्या टेबलाने?

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चे कलम ५६ पाहा. माणूस धोकादायक आहे आणि साक्षीदार भीतीने पुढे येत नाहीत, एवढे साहेबांना पटले की तो दोन वर्षांपर्यंत हद्दीबाहेर! जबाब कोणी दिला हे त्याला कळत नाही, उलटतपासणीचा प्रश्नच नाही. नोटिशीत आरोपांचे 'सर्वसाधारण स्वरूप' सांगितले की कायद्याचे समाधान. न्यायाधीश जामीन देऊन ज्याला घरी पाठवतात, त्यालाच पोलीस बजावतात, घरात पाऊल ठेवशील तर खबरदार!

जालन्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी असा आदेश रद्द केला. तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे, तिने माणूस राहत्या घराला आणि पोटापाण्याला मुकतो, कमाल मुदत लादायची तर कारण द्या, असे बजावले. पण आदेश होता डिसेंबर २०२० चा! चोवीसपैकी तेरा महिने उलटल्यावर मिळालेल्या या न्यायाला न्याय म्हणायचे, की उत्तरकार्य?

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणारा, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत पाळी करणारा माणूस दोन वर्षे कुठे जाणार? चूल कोण पेटवणार? आणि खरा गुंड? आदेश ठाणे जिल्ह्यापुरता असेल, तर तो वांगणी ओलांडून रायगडातल्या नेरळला बिऱ्हाड थाटतो आणि तिथून फोनवर खंडणी उकळतो. पकडायची धमक नाही, म्हणून घाण शेजाऱ्याच्या दारात लोटायची, याला बंदोबस्त म्हणतात?

आरोप आहे? खटला चालवा, शाबीत करा, तुरुंगात घाला. तडीपारच करायचे, तर प्रत्येक महिन्याचे आणि प्रत्येक तालुक्याचे कारण आदेशात लिहा, आणि त्याविरुद्धचे सरकारकडचे अपील तीस दिवसांत निकाली काढा. एवढे जमत नसेल, तर कलम ५६ ची फाइल बंद करा. अपील कपाटात आणि माणूस रस्त्यावर, हा कारभार कायद्याचा नव्हे, सवडीचा आहे!