बंद पडलेले इंजिन आणि आपली घाई

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातील रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. त्यांतील एखादा ट्रॅक्टर चढावर वा वळणावर अकस्मात बंद पडतो व काही केल्या पुन्हा सुरू होत नाही, हा प्रसंग आता कोणासही नवा नाही. अशा वेळी होणाऱ्या नुकसानीपैकी बराच भाग यंत्राच्या दोषापेक्षा, कारण न शोधता केलेल्या उपायांमुळे होतो, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. ते शेतकरी बंधूंपुढे विचारार्थ ठेवीत आहे.

नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चाचे नसते. तोडलेला ऊस ट्रॉलीत उभा राहिला की तो सुकू लागतो व त्याचे वजन घटते. त्यातील साखरेचेही विघटन सुरू होते. वजनातील घट ऊसमालकाच्या पदरी येते, तर उताऱ्यातील घट सर्व सभासदांच्या पदरी येते. शिवाय रात्रीच्या वेळी रस्त्यात उभी राहिलेली, दिवा नसलेली ट्रॉली दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकते.

गेल्या हंगामात शिरोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर दर अर्ध्या तासाने गचके खाऊन बंद पडू लागला. थोडा वेळ विसावा दिला की तो सुरू होई, पुन्हा बंद पडे. तिसऱ्या खेपेस चालकाने इतका वेळ सेल्फ मारला की बॅटरीच उतरली. मेस्त्रीने पंप बिघडल्याचे सांगितले. पंप उतरविला, दुरुस्त करून पुन्हा बसविला. आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर तसाच बंद पडला. मी तेथे गेलो तेव्हा डिझेलच्या टाकीकडे लक्ष गेले. टाकीचे मूळ टोपण हरवले होते व त्या जागी प्लास्टिकचा कागद ट्यूबच्या पट्टीने घट्ट आवळून बांधला होता. तो कागद आत ओढला जाऊन वाटीसारखा खोल झाला होता. पट्टी सोडताच हवा आत शिरल्याचा आवाज झाला. टाकीत हवा जाण्यास वाट नसल्यामुळे आत पोकळी निर्माण होऊन डिझेल पुढे सरकत नव्हते, एवढाच तो विकार होता. थांबल्यावर हळूहळू थोडी हवा आत झिरपे, म्हणून इंजिन काही काळ चाले. पंपाचे बिल मात्र भरावे लागले, एक दिवस ऊस ट्रॉलीत सुकला आणि त्या दिवसाची मजुरी चालकाच्या हिशेबातून कापली गेली. ह्यात चालकाचा दोष कोणता, हे मला आजही समजलेले नाही. त्यास कोणी काही शिकविलेच नव्हते.

डिझेल इंजिनाचे शास्त्र मुळात अवघड नाही. पेट्रोलच्या इंजिनाप्रमाणे येथे ठिणगी नसते. आत घेतलेली हवा दट्ट्याने १६ ते २० पट दाबली जाते, त्यायोगे ती तप्त होते व तीत डिझेलचा बारीक फवारा सोडताच ते पेट घेते. सबब इंजिन चालण्यास तीन गोष्टी पुरेशा आहेत: स्वच्छ हवा, पुरेसा दाब आणि वेळेवर मिळणारे डिझेल. चालते इंजिन बंद पडले असता ह्या तिहींपैकी काय तुटले, एवढेच शोधावयाचे असते. आणि बहुधा तुटलेले असते ते डिझेलच.

प्रथमतः ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेस घ्यावा, ब्रेक लावून चाकांखाली दगड ठेवावेत व मागे परावर्तक ठेवावा. नंतर पाना हाती न घेता तीन प्रश्न स्वतःस विचारावेत.

पहिला प्रश्न, इंजिन बंद कसे पडले? गचके खात, जोर सोडीत बंद पडले असेल तर डिझेल कमी पडले किंवा नळीत हवा शिरली, असे समजावे. दिवा विझावा तसे एकाएकी बंद पडले असेल तर डिझेल तोडणारी तार अडकली आहे काय, अथवा विजेवर चालणारा कट-ऑफ व त्याचा फ्यूज ठीक आहे काय, हे पाहावे. काळा धूर ओकीत जोर गेला असेल तर हवेची गाळणी उसाच्या पाचटाच्या भुसकटाने कोंडली असण्याचा संभव आहे. तापमानाचा काटा चढला असेल, तेलाचा दाब उतरला असेल किंवा ठोके ऐकू आले असतील, तर पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्नच करू नये. तापलेल्या रेडिएटरचे झाकण तर मुळीच उघडू नये.

दुसरा प्रश्न, सेल्फ मारला असता इंजिन फिरते काय? फिरत नसेल तर डिझेलचा विचार तूर्त बाजूस ठेवावा. बॅटरीची टोके सैल वा गंजलेली आहेत काय ते पाहावे. गिअर न्यूट्रलमध्ये व क्लच दाबलेला नसल्यासही अनेक ट्रॅक्टरांत सेल्फ लागत नाही. हे सर्व ठीक असून इंजिन हातानेही हलत नसेल तर ते जाम झाले आहे. तेथे मेस्त्रीच हवा.

तिसरा प्रश्न, इंजिन फिरत असता धुराड्यातून धूर येतो काय? ही खूण फार मोलाची असूनही तिकडे क्वचितच कोणी पाहतो. धूर मुळीच येत नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते, परंतु पेटत नाही; मग डिझेलमध्ये पाणी असणे, दाब कमी असणे किंवा बॅटरी उतरल्यामुळे इंजिन मंद फिरणे ही कारणे तपासावीत.

डिझेल पोहोचत नाही असे ठरल्यावर टाकीपासून पंपाकडे, वाहत्या पाण्याच्या दिशेने, क्रमाने जावे. टाकीत डिझेल आहे काय? टोपणाचे बारीक छिद्र चिखलाने बुजले आहे काय? टोपण सैल करून इंजिन सुरू होते काय? तोटी पूर्ण उघडी आहे काय? गाळणीच्या वाटीत पाणी वा गाळ साचला आहे काय? येथवर सर्व ठीक असल्यास फीड पंपाचा हातदट्टा चालवून गाळणीवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा. प्रथम फेस येईल. बुडबुडे थांबून अखंड धार येताच स्क्रू आवळावा व मग तसेच पंपावर करावे. मात्र हवा काढून इंजिन सुरू झाले म्हणजे रोग बरा झाला असे समजू नये. हवा कोठून तरी शिरली होती. चिरलेली रबरी नळी किंवा झिजलेला वॉशर शोधून बदलला नाही, तर पुढच्या चढावर तोच प्रसंग येईल.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. सेल्फ एका वेळी १० ते १५ सेकंदांहून अधिक मारू नये व मध्ये विसावा द्यावा. हवेच्या वाटेत पेट्रोल वा ईथर फवारू नये. दाबाखालील डिझेलच्या फवाऱ्यापुढे हात धरू नये, कारण तो कातडी भेदून आत शिरतो व अशी जखम दिसण्यास लहान असली तरी घातक ठरते. ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांस २०२३ पासून प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले असून त्यांतील अनेकांत कॉमन रेल पद्धतीचे इंजिन असते. तेथे दाब हजार बारच्याही वर जातो. अशा इंजिनाच्या दाबनळ्या सैल करण्याचे धाडस कोणीही करू नये. टाकी, टोपण, गाळणी व फ्यूज पाहून पुढचे काम कुशल कारागिरावर सोपवावे.

यावर कोणी म्हणेल की, ही मेस्त्रीची कामे असून शेतकऱ्याने त्यांत पडू नये. हा आक्षेप मला मान्य नाही. पंप उघडणे हे मेस्त्रीचे काम होय. परंतु इंजिन कसे बंद पडले हे पाहणारा मनुष्य त्या क्षणी तेथे एकच असतो, व तो म्हणजे चालक. त्याने पाहिलेले त्यास नीट सांगता आले तर मेस्त्रीचा वेळ व मालकाचा पैसा दोन्ही वाचतात.

आणि ही विद्या आपल्या जिल्ह्यास परकी नाही. पंचगंगेच्या काठी नदीचे पाणी उपसणारी व गुऱ्हाळे चालविणारी तेलाची इंजिने एके काळी घरोघरीची होती, आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील कारागिरांनी ती घडविली. त्या काळच्या शेतकऱ्यास हँडल मारणे, हवा काढणे, नोझल साफ करणे हे मोट हाकण्याइतकेच अंगवळणी पडले होते. विजेचे पंप आले, इंजिने अडगळीत गेली व त्यांबरोबर हे ज्ञानही गेले. ट्रॅक्टर वाढले, परंतु ते ज्ञान परतले नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र शासनाची ट्रॅक्टर प्रशिक्षण संस्था १९५५ पासून आहे. परंतु आपल्याकडील प्रत्येक चालक तेथवर जाऊ शकत नाही. सबब साखर कारखान्यांच्या शेती विभागांनी हंगामापूर्वी, दसऱ्याच्या सुमारास, प्रत्येक गटात वाहतूक चालकांसाठी एक दिवसाचा प्रत्यक्ष वर्ग घ्यावा. जुने इंजिन समोर ठेवून प्रत्येकाकडून हवा काढवून घ्यावी. ट्रॅक्टरमालकांनी एक वही ठेवावी व गाळणी केव्हा बदलली, पाणी केव्हा काढले हे तासांच्या आकड्यासह तीत लिहावे. पेटीत एक गाळणी, काही वॉशर, हातभर नळी, फ्यूज व विजेरी असावी. ह्या साऱ्याचा खर्च एका अनाठायी पंपदुरुस्तीहून खचित कमी येईल.

ज्या चालकास काही शिकविले नाही, त्याच्या मजुरीतून नुकसान वसूल करण्याचा अधिकार आपणांस पोहोचत नाही. प्रथम त्यास शिकवावे. मूळ टोपण हरवल्यास मात्र मालकाने त्याच दिवशी नवे आणावे.