‘सोल्ड आऊट’ म्हणे! पण विक्रीला होती किती?

सेल रात्री आठला. तुम्ही साडेसातपासून तयार. लॅपटॉप उघडा, मोबाइलवर ॲप, रूममेटच्या फोनवर आणखी एक लॉगिन. आठ वाजतात, स्क्रीनवरचं चक्र गरगरत राहतं आणि थोड्या वेळाने दोन शब्द झळकतात, ‘सोल्ड आऊट’. दुसऱ्या दिवशी तेच तिकीट कुणाच्या तरी स्टोरीवर तिप्पट भावात. मग आपण नेटला शिव्या घालतो, नशिबाला बोल लावतो आणि हायलाइट्स बघत बसतो.

पण एक साधा प्रश्न आपण विचारतच नाही. सेल सुरू झाला तेव्हा विक्रीला तिकिटं होती तरी किती?

आठातली एक खुर्ची

२०११च्या वर्ल्ड कप फायनलच्या वेळी तुमच्यापैकी बरेच जण बालवाडीत नाही तर पहिली-दुसरीत असतील, पण धोनीचा तो सिक्स सगळ्यांना पाठ आहे. वानखेडेची क्षमता तेव्हा साधारण ३३ हजार. त्यातली सर्वसामान्यांसाठी विक्रीला आली ती सुमारे ४ हजार तिकिटं. बाकीची बहुतेक मुंबई क्रिकेट असोसिएशनशी संलग्न क्लब आणि आयसीसी यांच्या वाट्याची. म्हणजे आठातली एकच खुर्ची तुमच्या-आमच्यासाठी. उरलेल्या सात खुर्च्यांसाठी तुमचं नेट कितीही फास्ट असतं तरी काही उपयोग नव्हता.

क्लबांना तिकिटं देणं मुळातच चूक, असं नाही. मैदानांवर वर्षभर पोरांना खेळवणारे तेच असतात. त्यांचा वाटा असायला हवाच. तो किती, हे आधी सांगितलं जात नाही, ही खरी गोची आहे.

२०२३च्या वर्ल्ड कपला काय झालं? वेळापत्रक आलं स्पर्धेच्या जेमतेम शंभर दिवस आधी. ऑगस्टमध्ये त्यातल्या नऊ मॅचेस बदलल्या. भारत-पाकिस्तान मॅच १५ऐवजी १४ ऑक्टोबरला गेली, तोवर अनेकांनी अहमदाबादची हॉटेलं बुक केली होती. भारताच्या मॅचेसची तिकिटं आधी एका ठरावीक कंपनीचं कार्ड असणाऱ्यांना मिळाली, मग इतरांना. ती झटक्यात संपली, सोशल मीडियावर बोंब झाली आणि ६ सप्टेंबरला बीसीसीआयने आणखी सुमारे ४ लाख तिकिटं विक्रीला काढत असल्याचं जाहीर केलं. चांगलंच झालं, पण ही ४ लाख तिकिटं तोवर कुठे होती? पुढे अहमदाबादच्या पहिल्याच मॅचला टीव्हीवर दिसल्या त्या रिकाम्या खुर्च्यांच्या रांगाच रांगा.

‘पहिला येईल त्याला’ हा न्याय?

वरवर ही पद्धत सगळ्यांना सारखी वाटते. पण आठ वाजता ज्याचं प्रॅक्टिकल चालू आहे, ज्याच्या गावात रेंजच धड नाही, ज्याच्याकडे ‘ते’ कार्ड नाही, तो आधीच मागे पडतो. मग परत खिडकीवर रांगा लावायच्या? सप्टेंबर २०२२मध्ये हैदराबादला भारत-ऑस्ट्रेलिया टी-२०च्या तिकिटांसाठी लागलेल्या रांगेत चेंगराचेंगरी आणि लाठीमार झाला. तोही मार्ग नको.

विम्बल्डनमध्ये बरीच तिकिटं लॉटरीने देतात. अर्ज आरामात भरा, नाव निघालं तर तिकीट. ते दुसऱ्याला विकता येत नाही. इंग्लंडमधले अनेक फुटबॉल क्लब बाहेरगावच्या मॅचेसची तिकिटं देताना कोण किती वेळा मॅचला आलं याचे पॉइंट्स बघतात. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या फॅन्सचं तिकीट २०१६पासून ३० पौंडांच्या वर जात नाही. आपल्याकडे आयपीएलच्या तिकिटावर सप्टेंबर २०२५पासून ४० टक्के जीएसटी आहे. हजाराचं तिकीट थेट १४००ला. एक मॅच बघायची तर मेसचं बजेट कोलमडतं.

काळ्याबाजाराविरुद्ध कायदा अगदीच नाही असंही नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२मध्ये टोळीने केलेली तिकिटांची अनधिकृत विक्री हा गुन्हा आहे. पण पोलीस विकणाऱ्याला पकडतील. तिकीट मुळात त्याच्या हातात कुठल्या वाट्यातून आलं, हे हिशेब उघड असल्याशिवाय कळणार कसं?

खरा फॅन मोजता येतो

आता वानखेडेवर किंवा गहुंज्याला रणजीची मॅच असते तेव्हाचं चित्र आठवा. एंट्री बहुतेक वेळा फुकट, तरी स्टँडमध्ये मोजकीच डोकी. दुपारच्या उन्हात चार-चार दिवस बसणारी ही मंडळी खरी दर्दी. पण भारताची मॅच आली की सेलमध्ये त्यांची किंमत शून्य. गेटवर एक क्यूआर स्कॅन ठेवा, दर हजेरीला पॉइंट द्या आणि मोठ्या मॅचची काही तिकिटं या लोकांसाठी राखून ठेवा. दहा मॅचेस बघितलेला फॅन कुठल्याही बॉटला बनवता येणार नाही. शिवाय हे पॉइंट मिळवायला पैसे नाही, वेळ लागतो आणि तो कॉलेजवाल्यांकडे असतो.

मागणी करून काही होत नाही, असं वाटतंय? २०२६च्या फुटबॉल वर्ल्ड कपची महागडी तिकिटं बघून फॅन संघटना चिडल्या, तेव्हा फिफालाही निष्ठावान फॅन्ससाठी प्रत्येक मॅचची काही तिकिटं ६० डॉलरला द्यावी लागली. थोडी का होईना, दिली.

तेव्हा पुढच्या वेळी ‘सोल्ड आऊट’ दिसलं की नुसता मीम टाकून थांबू नका. असोसिएशनला टॅग करा, मेल करा, कॉलेजच्या स्पोर्ट्स सेक्रेटरीमार्फत पत्र पाठवा. पत्रात तीनच गोष्टी मागा. सेलच्या आधी कुणाला किती तिकिटं दिली याचा तक्ता, मोठ्या मॅचला लॉटरी आणि वर्षभर येणाऱ्यांसाठी राखीव कोटा. वानखेडेची जमीन सरकारची आहे. मॅचच्या दिवशी बंदोबस्ताला पोलीस आपलेच असतात. मग आठातल्या सात खुर्च्या कुणाला दिल्या, एवढं विचारायचा हक्क आपल्याला नक्कीच आहे.