आधीच लोक आमका नावां ठेवतत

आज कोड, बग, अप्रेझल वगैरे काही नाही. विषय जड आहे. जिच्याबद्दल लिहितोय तिला विचारूनच लिहितोय.

मी मालवण तालुक्यातल्या एका बौद्धवाडीतला. नोकरीला लागून वर्ष झालं असेल, तेव्हा वाडीतल्या एका ताईचा फोन आला. ती लहान असताना नात्यातल्याच एका माणसाने तिच्यावर काय अत्याचार केला होता, ते ती अडखळत सांगत होती. आणि मी? 'घरी का नाही सांगितलंस? कोणी पाहिलं होतं का?' प्रश्नांची सरबत्ती! पाच मिनिटांत तिने फोन ठेवला. मग कित्येक वर्षं त्या विषयावर चकार शब्द नाही.

ऑफिसात रात्री दोनला सर्व्हर कोसळला तर आम्ही आधी तो उभा करतो, चूक कोणाची ते सकाळी बघतो. एवढी साधी अक्कल मला माणसाच्या बाबतीत नव्हती.

आणि तिने घरी सांगितलं होतं हो! आये म्हणाली होती, "गप ऱ्हव. आधीच लोक आमका नावां ठेवतत."

हे वाक्य मला बरेच दिवस छळत होतं. आये दुष्ट नाही, घाबरलेली आहे. वरच्या वाडीतल्या एखाद्याने गुन्हा केला तर तो त्या एकट्याचा. आमच्यातल्याने केला की 'ती लोकं तसलीच'. म्हणून समाजाची अब्रू वाचवायची आणि तिची किंमत एका पोरीने मोजायची. अमेरिकेतल्या काळ्या बायकांचीही हीच कोंडी. तराना बर्क यांनी 'मी टू' हे शब्द २००६ मध्ये वापरायला सुरुवात केली ती मुख्यतः काळ्या मुलींना आधार देण्यासाठी. हॉलिवूडमुळे ते जगभर गाजले २०१७ मध्ये. 'मी टू', म्हणजे 'माझ्याबाबतीतही'. बघा, यात प्रश्न नाही, पुरावा मागणं नाही.

बाहेरच्या न्यायावर आमच्या लोकांचा भरवसा नसतो, त्यालाही कारण आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द केली. अंगावर जखमा नाहीत म्हणे. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुढे २०१२ मध्ये पॉक्सो आला, २०१३ मध्ये राज्याची 'मनोधैर्य' योजना आली. आज सरकारी काय, खाजगी काय, कुठल्याही रुग्णालयाने पीडितेवर तातडीने मोफत उपचार करायलाच हवेत.

दार उघडलंय, पण तिथवर जायचं कसं? ओरोसच्या एसटीत बसलं की निम्मी गाडी विचारणार, "काय गो, खय चल्लंस?" शहरात निदान कोणी ओळखत नाही. गावात बरं होणंसुद्धा लपूनछपून करावं लागतं. म्हणूनच सोबत लागते.

मला उशिरा कळलेल्या गोष्टी सांगतो. विश्वास ठेवा. 'का' आणि 'कसं' विचारू नका, 'तुला आता काय हवंय' विचारा. ती सज्ञान असेल तर तक्रार करायची की नाही, ते तिला ठरवू द्या. मूल असेल तर मात्र कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. वाडीच्या बैठकीत मिटवायचं नाही. तिचं नाव तिच्या परवानगीशिवाय कोणालाही सांगू नका, अगदी बायकोलाही! टेलिमानसचा १४४१६ हा मोफत नंबर तिला देऊन ठेवा, पण नंबर दिला म्हणजे आपलं काम संपलं असं समजू नका.

यंदा बुद्धपौर्णिमेला गावी गेलो तेव्हा ताईची माफी मागितली. ती आता ओरोसला समुपदेशनाला जाते. म्हणाली, "तेवा नुसतां आयकलं असतंस, तरी पुरे होतां रे."

लोक नावं ठेवणारच. ती ज्याने केलं त्याला ठेवू देत, आम्ही का झाकायचं? तुम्हालाही कधी असा फोन आला, तर सगळे प्रश्न गिळा आणि फक्त म्हणा, "बोल, ऐकतोय."