एका अक्षराचा फरक आणि डुकरांची पैदास

पैदाशीचा नर निवडताना पाठीची लांबी, मांड्यांचा भरीवपणा, सडांची संख्या आणि त्याच्या आईने किती पिले जगविली, हे पाहण्याची रीत जुनी आहे. आता केस किंवा रक्त तपासून, जनुकातील एका अक्षरावरून नर निवडावा, असा विचार पुढे येत आहे. तो खोटा नव्हे. परंतु त्यावर किती भिस्त ठेवावी, हे पाहणे अगत्याचे आहे.

जनुकाची नक्कल निघते आणि त्या नकलेवरून पेशीत प्रथिन बनते. सुमारे २२ अक्षरांचा मायक्रो आर.एन.ए. स्वतः प्रथिन बनवीत नाही. जुळणाऱ्या नकलेस चिकटून तो तिचे काम मंदावतो. पाटावर दारे धरणारा माणूस पाणी निर्माण करीत नाही, पण कोणत्या वाफ्यात किती जावे हे त्याच्याच हाती असते; तसेच हे. दुसऱ्या ते आठव्या अक्षरांचे जुळणे यात मुख्य. तेथे एक अक्षर बदलले तर जुनी नक्कल सुटते आणि भलतीच धरली जाते.

याचा उत्तम दाखला मेंढीत मिळाला. टेक्सेल जातीच्या मेंढ्यांत स्नायूंची वाढ आवरणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकाच्या शेपटाकडील एकच अक्षर बदललेले आहे. त्यामुळे स्नायूंतील दोन मायक्रो आर.एन.ए. त्या नकलेस चिकटतात, आवर ढिला पडतो आणि मेंढी मांसल होते. हे २००६ साली प्रसिद्ध झाले.

तेच मायक्रो आर.एन.ए. डुकराच्या स्नायूंतही आहेत. म्हणून डुकरांतही तसाच चमत्कार घडेल, असे मानणे उतावीळपणाचे होय. एक मायक्रो आर.एन.ए. शेकडो नकलांवर अंमल चालवितो. मांसाबरोबर आणखी काय बदलले, हे वजनकाट्यावर दिसत नाही. एका जातीच्या कळपात आढळलेला संबंध दुसऱ्या जातीत टिकेलच असेही नाही.

हॅलोथेन जनुकाची हकीकत येथे आठवावी. तो फरक मायक्रो आर.एन.ए.मधला नव्हे, प्रथिनातला. पण तोही एकाच अक्षराचा. कमी चरबीच्या मांसासाठी निवड करता करता तो पिएत्रेंसारख्या जातींत पसरला, आणि दोन्ही पालकांकडून तो आलेली जनावरे वाहतुकीच्या धसक्याने मरू लागली. मांसही फिके व पाणचट निघे. १९९१ साली नेमके अक्षर सापडल्यावर तपासणी करून असे नर वगळता येऊ लागले. ही तपासणी पैसे मोजण्याजोगी ठरली, कारण तिचा परिणाम अनेक जातींत पडताळलेला होता.

मायक्रो आर.एन.ए.च्या नावावर कोणी नराची अधिक किंमत मागितल्यास, पडताळणी कोणत्या जातीत व किती जनावरांवर झाली, आणि त्याच्या मुलींची वेते कशी निघाली, हे कार्यकर्त्याने शेतकऱ्याच्या वतीने विचारावे. उत्तर मिळेपर्यंत गोठ्यातील नोंदवहीवरूनच नर निवडावा.