विश्लेषण : ‘नवी प्रजाती सापडली’ म्हणजे नेमकं काय सापडतं?

‘शास्त्रज्ञांना सापडली नवी प्रजाती’ अशी पोस्ट आपल्या फीडमध्ये अधूनमधून येतच असते. फोटो भारी असतो, आपण लाइक करतो आणि पुढे जातो. पण तो जीव काही कालपरवा जन्माला आलेला नसतो. तो आधीपासून तिथंच असतो. नवं असतं ते त्याचं नाव आणि त्याची शास्त्रीय ओळख. ही ओळख पटवणं किती किचकट असू शकतं, हे समजून घ्यायला जाळीदार पंखांच्या भुंगेऱ्यांचं उदाहरण चांगलं आहे.

हे भुंगेरे आहेत तरी कोण?

शास्त्रीय भाषेत या कुळाला ‘लायसिडी’ म्हणतात. जगभरात त्यांच्या साडेचार हजारांहून जास्त प्रजातींची नोंद झाली आहे. बहुतेक भुंगेऱ्यांचे वरचे पंख कवचासारखे टणक असतात. यांचे मात्र मऊ असतात आणि त्यांवर उभ्या-आडव्या रेघांची जाळी दिसते. रंग लाल, केशरी किंवा पिवळा आणि त्याला काळ्याची जोड. हा भडकपणा म्हणजे शत्रूला दिलेला इशारा. यांच्या शरीरात कडू, उग्र वासाची रसायनं असतात, त्यामुळे एकदा चव घेतलेला पक्षी सहसा पुन्हा यांच्या वाटेला जात नाही.

मग फोटो बघून ओळखता येत नाही का?

बऱ्याचदा नाही. एकाच जंगलातल्या वेगवेगळ्या प्रजाती हाच रंग मिरवतात. इतकंच नाही, तर काही पतंग आणि लांब मिशांचे भुंगेरेही यांची नक्कल करून जीव वाचवतात. त्यामुळे सारखे दिसणारे दोन कीटक एकाच प्रजातीचे असतील याची खात्री नसते. खरा फरक कळतो तो सूक्ष्मदर्शकाखाली, विशेषतः नराच्या जननेंद्रियांच्या रचनेतून, आणि आता डीएनएमधून.

मादीचं कोडं काय होतं?

आग्नेय आशियातल्या जंगलांत काळपट, चपटा, कडेला काटे असलेला एक विचित्र जीव सापडायचा. दिसायला थेट ट्रायलोबाइटसारखा. ही कसली तरी अळी आहे एवढंच कळत होतं, पण तिचं पुढे काय होतं ते कळत नव्हतं. १९२५ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ एरिक म्योबर्ग यांनी बोर्निओतल्या अभ्यासातून उत्तर दिलं. ही ‘अळी’ म्हणजे पूर्ण वाढ झालेली मादीच होती. ती आयुष्यभर अळीच्याच रूपात राहते, तिला पंख फुटत नाहीत. ती काही सेंटिमीटर लांब असते. नर मात्र पंखवाला साधा भुंगेरा, जेमतेम एक सेंटिमीटरचा.

म्हणजे नर आणि मादी शेजारी ठेवले तरी त्यांचं नातं दिसत नाही. २०१४ मध्ये मिखाल मासेक आणि लादिस्लाव बोचाक या झेक संशोधकांनी ‘झूकीज’ या नियतकालिकात या ‘प्लॅटेरोड्रिलस’ गटाची फेरतपासणी प्रसिद्ध केली. प्रौढांची शरीररचना, अळ्या आणि डीएनए अशा तिन्ही बाजूंनी तपासणी करून त्यांनी काही नव्या प्रजातींचं वर्णनही केलं.

यांचेच फोटो ‘जिवंत ट्रायलोबाइट’ म्हणून व्हायरल होतात. तो दावा चुकीचा आहे. ट्रायलोबाइट हे समुद्री जीव होते आणि ते सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच नामशेष झाले.

नाव ठरतं कसं?

यासाठी प्राणी नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता आहे. आधी जुनी वर्णनं आणि जगभरातल्या संग्रहालयांतले नमुने ताडून पाहावे लागतात. मग सहसा एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून निवडला जातो. त्या नावाचा तोच अधिकृत पुरावा. इतर प्रजातींपेक्षा ही वेगळी कशी, ते लिहून प्रसिद्ध करावं लागतं. २०१२ पासून फक्त ऑनलाइन प्रसिद्धीही चालते, पण ‘झूबँक’वर नोंदणी लागते. भारतात जैवविविधता कायदा, २००२ नुसार नव्या प्रजातीचा नमुना सरकारने ठरवलेल्या संस्थेत जमा करणं बंधनकारक आहे.

बातम्यांमध्ये घोळ कुठे होतो?

भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये देशाच्या प्राणियादीत ६४१ प्रजातींची भर पडली. त्यांतल्या ४४२ विज्ञानासाठीच नव्या होत्या. उरलेल्या १९९ इतर देशांत आधीपासून माहीत होत्या, भारतात पहिल्यांदा नोंदल्या गेल्या. हेडलाइनमध्ये मात्र दोन्ही ‘नव्या’च ठरतात.

नावाने एवढा काय फरक पडतो?

ज्यांच्या माद्या उडतच नाहीत, ते भुंगेरे दूर पसरू शकत नाहीत. अख्खी प्रजाती एखाद्या डोंगररांगेपुरतीच असू शकते. तिथलं जंगल गेलं तर तीही गेली, आणि नावच नसेल तर काय गेलं याची कुठे नोंदही होत नाही.

नाव मिळाल्याने काय होऊ शकतं, याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. आंबोलीतल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या माशाचं वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने तो जिथं सापडतो त्या परिसराला जैविक वारसास्थळ घोषित केलं. नुसत्या नावाने संरक्षण मिळत नाही हे खरं, पण नावाशिवाय सरकारी कागदावर मागणी तरी कशाची करणार?

त्यामुळे पुढच्या वेळी अशी पोस्ट दिसली की शेअर करण्याआधी तीन गोष्टी बघा. प्रजातीचं पूर्ण शास्त्रीय नाव दिलंय का? वर्णन कुठल्या नियतकालिकात आलंय? आणि ती विज्ञानासाठी नवी आहे, की फक्त आपल्या देशासाठी? ही उत्तरं नसतील, तर सध्या तुमच्यासमोर एक छान फोटो आहे, एवढंच म्हणता येईल.