पाण्याखालची नोकरी

डोंबिवलीतून बीएस्सीला जाणाऱ्या मुलीने ‘मला प्रवाळातले मासे अभ्यासायचेत’ म्हटलं, की घरी पहिला प्रश्न येतो, ‘त्यात नोकरी कसली?’ हा अंक त्या घरासाठी आहे.

विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी भाग आहे. तिथली प्रवाळं माथ्यावरसुद्धा सुमारे २० मीटर खोल. त्यांच्या रक्षणासाठी डॉ. सारंग कुलकर्णी यांच्यासारखे सागरी जीवशास्त्रज्ञ सातत्याने बोलत आले आहेत.

प्रवाळातले मासे अभ्यासण्याचं काम शिस्तीचं आहे. तळावर मोजपट्टी अंथरायची, तिच्या कडेने सावकाश पोहत दोन्ही बाजूंचे मासे ओळखायचे, मोजायचे, लांबीचा अंदाज घ्यायचा आणि प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने लिहायचं. हवा संपायच्या आत. मासे मोजायचे कशाला? पोपटमासा शेवाळ खरवडतो, म्हणून नव्या प्रवाळाला जागा मिळते. हेकरू अतिमासेमारीने आधी संपतो. बाजारात आपण घासाघीस करून घेतो, तोच हेकरू!

डायव्हिंग तारकर्लीत शिकता येतं. प्राणिशास्त्राचा पाया ठाण्या-कल्याणच्या कॉलेजांतच घडतो, आणि चिखलात उतरून नोंदी घेण्याचा सराव ठाण्याच्या खाडीत. पालकांनी पुढचे लेख मुलांसोबत बसून वाचावेत, ही आग्रहाची विनंती.