अठरावा वाढदिवस कोणाचा?

हॉस्टेलवर राहणाऱ्यांना वाढदिवस म्हणजे काय हे सांगायला नकोच! बाराच्या ठोक्याला दारावर थापा, तोंडाला केक, पाठीत बुक्के आणि सकाळी रेक्टर सरांसमोर हजेरी. माझं शाळेचं शिक्षण मुंबईला कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिकडे अठरावा वाढदिवस म्हणजे मोठी पार्टी आणि सोबत थोडी मोकळीक. कोणाला ड्रायव्हिंग लायसन्स, कोणाला रात्री दहापर्यंत बाहेर राहण्याची परवानगी!

इकडे हिंगोली जिल्ह्यात आल्यावर मात्र या दिवसाचा वेगळाच अर्थ समजला. गेल्या वर्षी रूममेटच्या धाकट्या बहिणीचा अठरावा वाढदिवस होता, म्हणून मी तिच्या कळमनुरी तालुक्यातल्या गावी गेले. आजीने पाटावर बसवून तिला ओवाळलं. तालुक्याहून आणलेला केकही कापला. शेजारपाजारच्या सगळ्या जमल्या होत्या. मला फार छान वाटलं. तेवढ्यात एक आत्याबाई म्हणाल्या, "चला, पोरगी उजवायला मोकळी झाली बगा!" सगळे हसले. जिचा वाढदिवस, ती तेवढी हसली नाही. तिला नर्सिंगला जायचं आहे.

आता खरं सांगायचं तर या घराने अठरापर्यंत वाट पाहिली, हीसुद्धा चांगलीच गोष्ट आहे. सगळीकडे तेवढी पाहिली जात नाही. पण मुलीच्या लग्नाचं वय १९७८ साली कायद्याने १८ केलं, ते 'याच्या आधी नाही' असं सांगण्यासाठी. ती खालची मर्यादा आहे, मुहूर्त नव्हे!

आणि अठराव्या वर्षी फक्त लग्नाचंच दार उघडतं का? मतदानाचं वय आधी २१ होतं. ६१व्या घटनादुरुस्तीने १९८९ साली ते १८ झालं. मतदार यादीत नाव आलं की ती मुलगी ग्रामसभेची सभासद होते. गावच्या पाण्याबद्दल, रस्त्याबद्दल सर्वांसमोर बोलू शकते. हे मात्र त्या दिवशी कोणी बोललं नाही. आमच्या मुंबईच्या पार्ट्यांतही कधी कोणी बोललं नव्हतं, म्हणजे शहरवाल्यांनी हसायचं कारण नाही.

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत कित्येकांचा वाढदिवस १ जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली तीच जन्मतारीख. आजच्या मुलीकडे जन्माचा दाखला आहे, तारीख तिची स्वतःची आहे. मग त्या दिवसाचा अर्थ दुसऱ्यांनी का ठरवावा?

जपानमध्ये जानेवारीचा दुसरा सोमवार हा सज्ञान होणाऱ्या तरुणांचा दिवस असतो. तिथल्या नगरपालिका त्यांना समारंभाला बोलावतात. आपल्याकडेही २०११ पासून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस आहे. दुसऱ्या दिवशी, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत गावातल्या नव्या मतदारांना, मुलींनासुद्धा, नावाने पुढे बोलावलं तर किती खर्च येईल? एक नारळ आणि एक गुलाबाचं फूल!

तोवर आपण एवढं तरी करूया. घरात, गल्लीत कोणी अठराची झाली की केकसोबत मतदार नोंदणीचा ६ नंबरचा फॉर्म घेऊन जाऊ. आणि ओवाळून झाल्यावर तिलाच विचारू, "बाई, आता तुला काय करायचंय?"